वाहिनीसंकरनिर्णय : गुलमंडी खंड

विषयप्रवेश. छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीच्या बाजारपेठेतलं जुनं घर रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब असतं. खाली दुकान, वर दिवाणखाना, मग चौक, माजघर आणि शेवटी स्वयंपाकघर. आमचा राऊटर दिवाणखान्यात आहे. तिथून निघालेली लहर हातभर जाडीच्या भिंती ओलांडून स्वयंपाकघरात पोचते, तेव्हा तिची दशा दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सुपारी हनुमानापासून सिटी चौकापर्यंत पायी गेलेल्या माणसासारखी झालेली असते. पोचते, पण बोलायचं त्राण उरत नाही. यावर एक्स्टेंडर घ्यावा की नाही, आणि घेतल्यास कोणत्या वाहिनीवर बसवावा, हा या प्रबंधाचा विषय.

संज्ञाविचार. वाहिनी म्हणजे चॅनेल. (आमच्या एका हस्तलिखितात ‘वहिनी बदलून पाहा’ असा पाठ आढळतो. तो लेखनिकाचा प्रमाद समजून घरात वाचून दाखवू नये.) 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे 13 वाहिन्या आहेत. शेजारच्या दोन वाहिन्यांच्या मध्यांत अंतर 5 मेगाहर्ट्झचं आणि प्रत्येकीला ऐसपैस बसायला लागतात 20हून थोडे अधिक. म्हणजे पाट्या तेरा, जागा तिघींची. 1, 6 आणि 11 या तिघी एकमेकींच्या ओट्यावर पाय न ठेवता नांदतात. हा पट्टा 2005 पासून परवानामुक्त आहे. त्याला ना हद्द, ना पीआर कार्ड. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात तापतो आणि ब्लूटूथही इथंच फिरतं.

पूर्वपक्ष. दुकानदार म्हणतो, ‘चार अँटेनावाला घ्या, रिकामी वाहिनी तो स्वतःच शोधतो.’

खंडन. शोधत नाही. एक्स्टेंडरला राऊटरशी बोलायचं तर राऊटरच्याच वाहिनीवर बसावं लागतं. एकाच पट्ट्यावर चालणारा असेल तर तो आधी ऐकतो, मग तेच पुन्हा सांगतो. एका निरोपाला दोनदा वेळ लागतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. सारांश, गर्दी टाळायला आणलेला हा इसम गर्दीत एकाची भर घालतो.

उपपक्ष. आमच्या भाच्याने युक्ती काढली. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये 1 आणि 6 वर झुंबड दिसली, म्हणून त्याने राऊटर 3 वर नेला. हा दोन हातगाड्यांच्या फटीत स्कूटर घालण्याचा प्रकार झाला. एकाच वाहिनीवरची यंत्रं परस्परांचं बोलणं ओळखतात, थांबतात, आपली पाळी आली की बोलतात. अर्धवट अंगावर आलेल्या वाहिनीचं बोलणं मात्र कळत नाही, नुसता कलकलाट ऐकू येतो. म्हणून रांगेत उभं राहणं परवडलं, मध्येच घुसणं नाही. हे गुलमंडीकराला वेगळं शिकवायला नको, आचरणात आणायला सांगावं लागतं एवढंच.

मध्यममार्ग. दोन पट्ट्यांचा एक्स्टेंडर राऊटरशी 5 गिगाहर्ट्झवर बोलतो आणि घरच्यांशी 2.4 वर. 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग आपल्याकडे खुला झाला. तिथं जागा भरपूर, पण लहर नाजूक; जाड भिंतीपुढं ती लवकर नांगी टाकते. म्हणून असा एक्स्टेंडर जिथं रेंज मेली तिथं लावू नये, जिथं अजून धड आहे तिथं लावावा. आमच्या घरी ती जागा चौकाच्या सज्ज्यावर निघाली. तिथं निम्मं अंतर भिंतीऐवजी आभाळ आहे.

सिद्धान्त. या गावाने हा प्रश्न सतराव्या शतकातच सोडवला होता. मलिक अंबरला लांबचं पाणी शहरात आणायचं होतं. त्याने जमिनीखालून नहर-ए-अंबरी बांधली. पाणी उताराने आपलं आपण येऊ लागलं. वाटेत कुणाशी टक्कर नाही, कुणाची पाळी नाही. तद्वत दिवाणखान्यातून माजघरापर्यंत केबल टाकावी आणि टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट बसवावा. निरोप तारेतून येत असल्याने त्याला राऊटरच्या वाहिनीचं बंधन नाही. पुढे 6 असेल तर मागे 11 घ्यावी.

परिशिष्ट. आम्ही तसं केलं. गवंड्याने भिंतीला भोक पाडलं, स्वयंपाकघरात पाककृतीचे व्हिडिओ न अडखळता चालू लागले. चौथ्या दिवशी मागच्या भिंतीपलीकडचे काका तणतणत आले. त्यांच्या घरचं नेट मंदावलं होतं आणि अ‍ॅप त्यांच्याकडेही होतं. पट्टा परवानामुक्त आहे, असं आम्ही साधार सांगितलं. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, ‘ते असू द्या. अकरावर आमची वहिवाट आहे.’