हिस्सा किती?

आभासी चलनांत पैसे गुंतवणाऱ्या मराठी मध्यमवर्गात गेल्या काही वर्षांत एक स्वतंत्र उपजात स्थिरावलेली दिसते, आणि तिची वेगळी ओळख करून देण्याची गरज नसावी, कारण प्रत्येक गृहसंकुलात, बँकेच्या निवृत्तांच्या प्रत्येक मंडळात आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत तिचा किमान एक प्रतिनिधी वाचकाने भोगलेला असतो. हा गृहस्थ बिटकॉइनचा भाव कधीही सांगत नाही. भाव विचारणे हे त्याच्या लेखी अडाणीपणाचे लक्षण असून, चष्मा कपाळावर सरकवून आणि मोबाइलच्या तडा गेलेल्या काचेवरची आलेखाची रेघ करंगळीने ताणत तो उलट एकच प्रश्न टाकतो: “भावाचं राहू द्या हो, हिस्सा किती?”

हिस्सा म्हणजे बाजारात ज्याला ‘बिटकॉइन डॉमिनन्स’ म्हणतात तो आकडा. अस्तित्वात आलेल्या सर्व बिटकॉइनचे त्या दिवशीच्या भावाने होणारे मूल्य अंशस्थानी मांडायचे, सगळ्या आभासी चलनांचे तसेच एकत्रित मूल्य छेदस्थानी मांडायचे आणि शंभराने गुणायचे, एवढीच ती कृती. यामागचा सिद्धान्त असा, की गुंतवणूकदार धास्तावला म्हणजे त्यातल्या त्यात जुन्या व भरवशाच्या बिटकॉइनच्या आसऱ्याला येतो आणि हिस्सा वाढतो. हाव सुटली, की तो इथर आणि त्यामागून आलेल्या हजारो ‘ऑल्टकॉइन’कडे, म्हणजे बिटकॉइनेतर नाण्यांकडे, धावतो आणि हिस्सा घसरतो. सिद्धान्त अगदीच पोकळ नाही. २०१७ च्या आरंभी ८० टक्क्यांच्या वर असलेला हा हिस्सा, कागदी आराखड्यापलीकडे काहीच हाती नसलेल्या नव्या नाण्यांच्या विक्रीचा सुळसुळाट झाल्यावर, जानेवारी २०१८ मध्ये ३३ च्या आसपास आला होता. पुढे त्यांतल्या बहुतेक नाण्यांची माती झाली आणि २०१९ च्या सप्टेंबरात तो पुन्हा ७० च्या घरात पोचला. गृहस्थाची सारी विद्वत्ता या एका चढउतारावर उभी आहे, आणि ती बाजारापुरती राहिली असती, तर प्रस्तुत लेखनाचे कारण पडले नसते.

परंतु हिस्सा मोजण्याची ही सवय अंगात मुरते. मिसळीची बशी समोर येताच हा गृहस्थ रश्शाची चव घेण्याआधी फरसाणाचा हिस्सा ठरवतो. लग्नात आहेराच्या पाकिटांवरून वरपक्षाचे वर्चस्व ४५ टक्के असल्याचे शेजाऱ्याच्या कानात सांगतो. नातवाच्या प्रगतिपुस्तकातील गणिताचे गुण न पाहता एकूण बेरजेत गणिताचा हिस्सा काढतो आणि पोर भाषेकडे झुकत असल्याची, म्हणजे जोखीम वाढल्याची, चिंता करतो. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीचा पहिला घास घेऊन त्याने शेंगदाण्याचा हिस्सा घसरल्याचे जाहीर केले, की स्वयंपाकघरातून येणारे उत्तर ठरलेले असते: “अहो, कूट तेवढंच आहे, साबुदाणा जरा जास्त भिजला.”

या उत्तरात गृहस्थाच्या शास्त्राचे संपूर्ण खंडन आहे, आणि ते त्याच्या ध्यानात येत नाही ही यातली खरी गंमत होय. अंश जागचा न हलता केवळ छेद फुगला, तरी हिस्सा घसरतो. कोणी शंभर कोटी नाणी काढून त्यांतली मूठभर प्रत्येकी दहा रुपयांना विकली, तर उरलेल्यांना कोणी गिऱ्हाईक नसतानाही कागदोपत्री हजार कोटींचे बाजारमूल्य उभे राहते. छेदात ‘स्टेबलकॉइन’ही मोडतात, म्हणजे ज्यांची किंमत डॉलरशी बांधलेली असते आणि माणूस बाजारातून पळताना ज्यांत पैसे ठेवतो, ती टेथरसारखी नाणी. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९ हजार डॉलरपर्यंत गेला आणि वर्षभरात, एफटीएक्स हा मोठा विनिमय बाजार कोसळला तेव्हा, १६ हजारांच्या घरात आला. इतिहासातील मोठ्या घबराटींपैकी ही एक, पण हिस्सा शिखरावर असतानाही ४० च्या आसपास होता आणि तळाशी आल्यावरही ४० च्याच आसपास. इतर नाणीही बिटकॉइनच्या बरोबरीने बुडाली, बहुतेक स्टेबलकॉइन मात्र जागच्या जागी राहिली, आणि भीतीचा मापक म्हणून मिरवणारा काटा ऐन भीतीत ढिम्म हलला नाही. गृहस्थाने यावर काढलेला तोडगा शास्त्रीय म्हणावा लागेल: तो टेथरचाही हिस्सा पाहू लागला.

एक हिस्सा मात्र तो कधी काढत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर आहे, एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्यातील नफ्यातून वजा करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का आधीच कापला जातो. सरकारचा हिस्सा बाजाराच्या भावनांवर हलत नाही, त्यामुळे त्यात विश्लेषणाला वाव नाही, असे तो म्हणतो.

जगाच्या हावेचे मोजमाप ठेवणाऱ्या या माणसाची स्वतःची गुंतवणूक किती, हे फार उशिरा कळते. ती मुदत ठेवींच्या व्याजातून बाजूला काढलेल्या पंधरा हजार रुपयांची असते, आणि बाकी सर्व पुंजी, त्याच्याच हिशेबाने ९७ टक्के, ज्या बँकेत हयात गेली तिथेच निजलेली असते. त्याने आजवर कोणालाही एकही नाणे घ्यायला लावलेले नसते. कोणाचा जावई अशा व्यवहारात पोळला, तर रात्री दहा वाजता त्याच्या घरी जाऊन कराचे कागद लावून देणाराही हाच असतो, आणि निघताना हिस्सा विचारायचे तेवढे तो त्या दिवशी टाळतो.

निवृत्तीनंतरची त्याची संध्याकाळ उद्यानाच्या फाटकाजवळच्या बाकावर जाते. तिथे एकाच शाखेतले पाच जण बसत, चहाचे पैसे वाटून घेत, आणि पाकिटातून आपला वाटा काढताना तो न चुकता “वीस टक्के” असे उच्चारून देई. पहिला मुलीकडे न्यू जर्सीला गेला, तेव्हा त्याने “पंचवीस” म्हटले आणि सगळे हसले. दुसरा गेला तो हृदयविकाराने. त्या आठवड्यात चहा कोणी मागवला नाही, आणि पुढे त्याने “तेहतीस” म्हटले ते अगदी हळू. “पन्नास” हा आकडा त्याच्या तोंडून कोणी ऐकला नाही. आता टपरीवरचा पोरगा लांबूनच ओरडतो, “काका, किती?” आणि तो मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवून एक बोट वर करतो.