जरा उपडं करून बघू?

आमच्या सोसायटीतल्या एका बारशाला मिंगकाकांनी गुलाबजामाची वाटी उपडी केली. वाटी रिकामी नव्हती. दोन्ही गुलाबजाम गालिच्यावर आणि पाक बाळाच्या आत्याच्या पैठणीवर गेल्यावर काका वाटीच्या बुडावरून नख फिरवत शांतपणे म्हणाले, "मेलामाइन." आणि वाटी पुन्हा पुढे केली. गुलाबजाम वाढायला!

हा माणूस तुमच्याही ओळखीचा असणार. तुमचा कदाचित नाणी जमवत असेल किंवा जुने पेन, कॅमेरे, घड्याळं. पण जात तीच. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण कुठल्या राजाच्या कारकिर्दीत कुठला निळा रंग वापरला हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. आमच्या नशिबी जुनी चिनी भांडी जमवणारा आला. त्यांचं खरं नाव खालच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. नोकरी बँकेत, तीही तपासणी खात्यात. दुसऱ्यांच्या हिशेबातली खोट शोधण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर तीच नजर भांड्यांच्या बुडाशी लागली.

बूडच का, याचं त्यांचं एक शास्त्र आहे आणि ते ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नाही. "वरून सगळेच गोड," काका म्हणतात. "वर झिलई असते. झिलई लबाड. पण भांडं भट्टीत ज्या कडेवर टेकतं, तिथे झिलई ठेवता येत नाही. ठेवली तर भांडं खालच्या आधाराला चिकटून बसेल. तेवढ्या एका कडेला माती उघडी पडते. चीनमधलं भांड्यांचं गाव जिंगदेजेन, तिथली माती जवळच्या गाओलिंग टेकडीवरची. तिच्यात दगडाची पूड मिसळून तेराशे अंशांच्या आसपास भाजली की ती अशी..." इथे तुमचा हात पकडून, अंगठा कपाच्या कडेवरून फिरवला जातो. "कळलं?" आपण मान हलवायची. कळत काहीच नाही, पण चहा निवत असतो.

चहा! भरलेला कप उपडा करता येत नाही एवढं काकांना बारशानंतर पटलं. आता ते कप बशीतून उचलतात, मान मागे टाकतात आणि डोळ्यांत औषध घालून घेणाऱ्या माणसासारखा तो कपाळाच्या वर धरून खालून बघतात. यजमान श्वास रोखून धरतात. एका इराण्याच्या हॉटेलात वेटरला वाटलं, कपाखाली झुरळ आहे. त्याने मुकाट्याने कप बदलून दिला. काकांनी तोही खालून बघितला. त्याने तिसरा आणला. शेवटी गल्ल्यावरचा म्हातारा उठून आला, त्यानेही वाकून कपाच्या बुडाकडे बघितलं, आणि मग दोघे अर्धा तास जुन्या कपांबद्दल बोलत बसले. बिल आलं नाही. या मार्गावर काकांचा पैशाचा फायदा झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

बाथरूमच्या दुकानात त्यांनी विक्रेत्याला वॉशबेसिन आडवं करायला लावलं होतं. "चिनी मातीचंच ना?" स्मशानात मडकं घेऊन फेरी मारणाऱ्या मुलाच्या मागे ते वाकून चालत होते, असंही सांगतात. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण मला खोटं वाटत नाही.

आता या बुडाशी दिसतं काय? राजशिक्का. सहा अक्षरं, बहुधा दोन ओळींत उभी: 'महान मिंग, श्वानदेच्या काळी घडवलं', अशा चालीची. मिंग ही चीनची राजवट, श्वानदे हा तिच्यातला बादशहा, काळ 1426 ते 1435. मला वाटलं, चला, कारखान्याचा छाप आहे, प्रश्न मिटला. तर काका गालातल्या गालात हसले.

"छिंग राजवटीतल्या कांगशीच्या काळात, 1677 मध्ये, जिंगदेजेनकडच्या अधिकाऱ्याने बादशहाचं नाव भांड्यावर घालायला मनाई केली. भांडं फुटून नाव पायदळी येऊ नये म्हणून. मग कुंभारांनी काय करावं? दोनशे वर्षांपूर्वीच्या मिंग बादशहांची नावं घालायला सुरुवात केली."

"म्हणजे खोटी?"

"खोटी कशी? पूर्वजांबद्दल आदर."

"उद्या मी धनादेशावर तुमची सही केली तर?"

"तो गुन्हा," काका म्हणाले. "दोनशे वर्षांनी केलीत तर आदर."

म्हणजे ज्या बुडासाठी एवढा आटापिटा, तेच सगळ्यात जास्त खोटं बोलतं. हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यांचा आठवड्यातला एक दिवस चोरबाजारात मटन स्ट्रीटला जातो. तिथला एक दुकानदार त्यांना लांबून पाहिलं की आतल्या खोलीत हात घालतो. "साब, आपके लिए अलग रखा है. एकदम मिंग." त्या मिंगला चहाचा वास येतो, कारण नवं भांडं चहात बुडवून ठेवलं की बारीक भेगांत तपकिरी रंग उतरतो आणि वय वाढतं. चकाकी घालवायला तेजाब. बुडालेल्या जहाजातला माल म्हणून विकायचं असेल तर शिंपले चिकटवायचे. जास्त मेहनती लोक खऱ्या जुन्या भांड्याचा तळ कापून नव्या अंगाला जोडतात. हे सगळं काका मला सांगतात, त्याच दुकानातून घेतलेलं भांडं मांडीवर ठेवून.

या वेडाला खतपाणी घालायला जगात बातम्याही अशाच येतात. न्यूयॉर्क राज्यातल्या एका कुटुंबाने 2007 मध्ये कोणाच्या तरी दारातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून तीन डॉलरला एक पांढरा वाडगा घेतला आणि दिवाणखान्यात ठेवला. तो निघाला सोंग काळातला, हजारएक वर्षांपूर्वीचा. 2013 च्या लिलावात 22 लाख डॉलर आले. ती बातमी वाचल्यापासून सोसायटीत कोणी घर रिकामं करू लागलं की भंगारवाल्याच्या आधी काका हजर. भंगारवाला त्यांना आता 'सेठ' म्हणतो आणि फुटक्या बश्यांचे पैसे लावतो.

आणि तो कोंबड्यांचा कप! मिंग राजवटीतल्या छेंगह्वाच्या काळचा, आठेक सेंटिमीटर रुंद. त्यावर कोंबडा, कोंबडी आणि पिल्लं. 2014 मध्ये हाँगकाँगला ल्यू यीछ्यान या शांघायच्या धनाढ्याने तो 28 कोटी हाँगकाँग डॉलरला घेतला. आपले दोनशे कोटींहून जास्त. हा गृहस्थ एके काळी टॅक्सी चालवायचा. पैसे क्रेडिट कार्डावर भरले, कार्ड चोवीस वेळा घासावं लागलं. आणि कप ताब्यात आल्यावर त्यात चहा ओतून प्यायला. जगभर बोंब झाली. मी काकांना तो फोटो दाखवला. वाटलं, आता हे चिडणार. त्यांनी फोटो मोठा केला, फोन आडवा केला, उभा केला, आणि खंतावून म्हणाले, "तळ दिसत नाही हो."

त्यांच्या घरी चहा स्टीलच्या पेल्यात मिळतो. लोणचं प्लॅस्टिकच्या डब्यात, कारण घरातल्या सगळ्या चिनी मातीच्या बरण्या कपाटात आहेत. 2006 मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात एक पाहुणा स्वतःच्या बुटाच्या नाडीत अडखळून जिन्यावरून घसरला आणि कांगशीच्या काळातल्या तीन मोठ्या फुलदाण्या घेऊन खाली आला. ते कळल्यापासून काका नाडीचे बूट वापरत नाहीत.

एकदा त्यांच्या कामवाल्या बाईंच्या हातून बशी फुटली. काकांनी त्यांना समोर बसवून जहांगीर बादशहाची गोष्ट सांगितली. विल्यम हॉकिन्स नावाच्या इंग्रजाने ती लिहून ठेवली आहे. बादशहाच्या आवडीची चिनी थाळी एका सरदाराच्या ताब्यात असताना फुटली. त्याने गुपचूप माणूस चीनला धाडला, तशीच दुसरी आणायला. माणूस परत यायच्या आत बादशहाला थाळीची आठवण झाली. सरदाराला फटके, दंडुके, कैद. आणि शेवटी पाच हजार रुपये देऊन हुकूम, की जा, तशीच थाळी शोधून आण, तोवर तोंड दाखवू नकोस. अखेर इराणच्या शहाला दया आली, त्याने स्वतःकडची तशीच थाळी दिली. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, मग मला पण द्या पाच हजार. मी जाऊन आणते."

मुलगा सिंगापूरला असतो. त्याच्याकडे गेले की काकू नातवंडांत रमतात आणि काका तिथल्या आशियाई संस्कृती संग्रहालयात. इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ 1998 मध्ये सापडलेल्या जहाजातला माल तिथे आहे. तांग काळातला, एकूण साठ हजारांच्या घरातली भांडी. एका वाडग्यावर कोरलेली तारीख 826 सालची निघते. चीनहून पश्चिमेकडे निघालेलं अरबी घडणीचं जहाज. पहिल्याच भेटीत काका काचेच्या कपाटाखालून बघता यावं म्हणून तिथल्या फरशीवर उताणे झोपले. पहारेकऱ्याने रुग्णवाहिका बोलावली. मुलाने वडिलांना ताब्यात घेतलं. परत आल्यावर काकांनी मला त्या वाडग्याचं नव्हे, तर पहारेकऱ्याचं कौतुक सांगितलं: "फार काळजीने उशी आणली होती हो त्याने."

मी या माणसाला कंटाळलो होतो. घरी कोणी कपबश्यांचा नवा संच आणला की आम्ही तो लपवायला लागलो होतो. त्यांच्या कपाटात सत्तरएक भांडी असतील आणि त्यातलं अस्सल एकही नसणार, हे एवढं शास्त्र जाणणाऱ्या तपासनिसाला कसं कळत नाही, असा प्रश्न मला पडायचा. एका संध्याकाळी ते आत फोनवर बोलत असताना मी हळूच कपाट उघडलं, एक फुलदाणी उचलली आणि, सवय लागते हो, उपडी केली.

बुडाला कागदाची चिठ्ठी होती. बँकेतलं बारीक, सरळ अक्षर. 'नकली. मटन स्ट्रीट. रु. 850. ही बरोबर होती. पावसात अडकलो, भजी खाल्ली.' दुसरी उचलली. 'नकली. निळा बरा. चिरंजीवांचा पहिला पगार.' तिसरी: 'नकली. दुकानदाराच्या मुलीचं लग्न होतं.' एका लहान वाटीखाली नुसतं 'मुळीच नाही' एवढंच लिहिलं होतं, आणि तरी ती पुढच्या रांगेत होती. मी भराभर दहाबारा पाहिली. एकाही चिठ्ठीवर मिंगचा म सुद्धा नव्हता. चोरबाजारातल्या त्या माणसाला अजून वाटतं, आपण या म्हाताऱ्याला वर्षानुवर्षं फसवतोय.

काका बाहेर आले, माझ्या हातात वाटी उपडी पाहिली आणि ओशाळले. पकडला तर मी गेलो होतो, पण ओशाळले ते. "अस्सल परवडत नाही," म्हणाले. "आणि परवडलं तर बँकेच्या लॉकरमध्ये जाणार. मग बघायचं काय?" नंतर वाटी माझ्या हातातून घेऊन त्यांनी मलाच पुन्हा कडेवरची माती समजावून सांगितली. या खेपेला मी अंगठा नीट फिरवला.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन आणि सर दोराबजी या टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली चिनी भांडी आहेत. काका ती बघायला नेमाने जातात. हल्ली गुडघे दुखतात, त्यामुळे फरशीवर आडवं होणं बंद झालंय. त्यांनी एक अर्ज लिहून ठेवला आहे, जावक क्रमांकासकट: 'तरी निदान एका भांड्याखाली आरसा बसवण्याची कृपा व्हावी.' टाकलेला मात्र नाही. काकू म्हणतात, लोक हसतील. तेव्हा तो मीच इथे टाकतो. कुठल्याही संग्रहालयातलं कोणी हे वाचत असेल तर एखाद्या चिनी कपाखाली छोटासा आरसा बसवा. खर्च फार नाही. रुग्णवाहिकेपेक्षा तर नक्कीच कमी.