कायाकल्प : वापरण्याची रीत

नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावी राहायचं आणि 'कायाकल्प' हा शब्द वापरता येऊ नये, हे आता चालण्यासारखं नाही. सत्काराच्या भाषणात, चौकातल्या फ्लेक्सवर, पतसंस्थेच्या अहवालात तो हटकून भेटतो. इच्छुकांनी पुढील सूचना मन लावून वाचाव्यात.

आधी अर्थ. थकलेल्या कायेला पुन्हा तारुण्य आणण्याचा विधी तो कायाकल्प. चरकसंहितेतलं चिकित्सास्थान रसायनापासूनच सुरू होतं आणि तिथे दोन वाटा दिल्या आहेत. पहिली कुटीप्रावेशिक. एकाआत एक अशा तीन दालनांची, बारीक झरोक्यांची कुटी बांधायची, आत जाऊन बसायचं, जगाशी संबंध तोडायचा. मोबाइलबद्दल चरक काही बोलत नाहीत. दुसरी वातातपिक. ज्यांना कामधंदा सुटत नाही त्यांनी वाऱ्याउन्हात वावरतच औषध घ्यायचं. यातलं ऊन वऱ्हाडात मे महिन्यात फुकट मिळतं, औषध तेवढं राहून जातं.

पहिल्या वाटेचा गाजलेला दाखला पंडित मदनमोहन मालवीयांचा. 1938 साली, वयाच्या 76 व्या वर्षी, तपसीबाबांच्या देखरेखीखाली ते कुटीत राहिले. देशभर चर्चा झाली. 1946 साली पंडितजी गेले. शब्द मात्र तेव्हापासून ठणठणीत आहे.

आणखी एक वाट ययातीची. तिला कुटी लागत नाही, मुलगा लागतो. थोरल्या यदूने तारुण्य द्यायला साफ नकार दिला, धाकट्या पुरूने दिलं. आता देवगिरीचे यादव स्वतःला यदूचे वंशज म्हणवत, आणि आपलं खंडेश्वराचं देऊळ हेमाडपंती, म्हणजे त्यांच्याच काळाच्या धाटणीचं. 'बाबा, तुमचं म्हातारपण तुमच्याजवळच ठेवा' असं सांगणाऱ्याची गादी गावाला इतकी जवळची असताना मुलाकडे मागणी करण्यात अर्थ नाही.

आता वापर. माणसाला हा शब्द लावायचा तर कलप वाळल्यावर लावावा. तरीही पानठेल्यावरून "बुढ्याले कलप लावला म्हनून तो जवान होते काय बे?" असा प्रश्न येईलच, तो ऐकलाच नाही असं दाखवावं. रस्त्याला लावायचा तर मुरूम पडल्यावर आणि पहिल्या पावसाआधी. नंतर लावल्यास श्रोते आपापल्या पायांकडे पाहू लागतात. सरकारी दवाखान्याला मात्र जपून. तिथे 2015 पासून केंद्राची याच नावाची पुरस्कार योजना आहे. स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट, जंतुसंसर्ग रोखणं, सगळं तपासतात आणि किमान 70 टक्के गुण लागतात. या शब्दाला पास-नापास असलेली ही एवढी एकच जागा. वक्ते तिकडे फारसे फिरकत नाहीत ते उगीच नव्हे.

खरा कायाकल्प करून दाखवतो तो कापूसवाला, फरदड घेऊन. वेचे संपले, पऱ्हाटी वाळायला आली, की तिला पुन्हा पाणी द्यायचं, खत द्यायचं. झाड खरोखर हिरवं होतं, पाती धरतं, फुलतं. ना कुटी, ना बाबा. चार क्विंटल जास्तीचा कापूस डोळ्यांपुढे नाचू लागतो. पण या नव्या तारुण्याची वाट दुसरंही कोणी पाहत असतं. जानेवारीनंतर शेतात हिरवं बोंड राहिलं की गुलाबी बोंडअळीला मुक्काम मिळतो, तिची साखळी तुटत नाही, आणि पुढच्या हंगामाच्या कपाशीवर ती लवकर उतरते. 2017 च्या हंगामात तिने विदर्भाचा कापूस कसा पोखरला, ते इथे कुणाला सांगायला नको. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ फरदड घेऊ नका म्हणून सांगत आलं आहे. भाव चढले की तेवढंच नेमकं ऐकू येत नाही.

तेव्हा भाषणात हा शब्द पोटभर वापरा, वावरात नको. डिसेंबरअखेर वेचा उरकून पऱ्हाटी उपटा, आणि उपटलेली धुऱ्यावर रचून ठेवू नका; वाळक्या बोंडांतही अळी जिवंत राहते.