वऱ्हाडी बोली हसण्यापुरतीच का?

संध्याकाळी सातनंतर अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत कोणत्याही घरी जा. मालिका सुरू असते आणि तिच्यासमोर तिचे सर्वांत कडक परीक्षक बसलेले असतात. ‘माय वं, एवढं सोनं घालून सयपाक कोन करते?’ ‘तिले सारं मालूम हाय, मंग सांगून काहून नाही राह्यली?’ ‘तीन दिस झाले, हयद काही उतरून नाही राह्यली.’

हे शेरे गंमत म्हणून सोडून देऊ नका. पहिला शेरा खोटेपणावर आहे, दुसरा ओढूनताणून आणलेल्या गैरसमजावर आणि तिसरा पाणी घातलेल्या कथेवर. ‘ठरलं तर मग’ डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. नायिका सायलीच खरी तन्वी आहे, हे प्रेक्षकांना केव्हाच कळलं. घरातल्या माणसांना ते कळावं म्हणून प्रेक्षक वर्षानुवर्षं थांबले. जीव लावून बघणारा माणूसच असा चिडतो. त्याच्या चिडण्याला उत्तर मिळायला हवं.

वाहिन्यांकडे एक तयार उत्तर असतं : लोकांना हेच आवडतं, टीआरपी बघा. मग टीआरपीच बघू. ‘बार्क’ ही संस्था ही मोजणी २०१५ पासून करते. अख्ख्या देशात तिची मीटरं पन्नास-साठ हजार घरांत आहेत. त्या घरात कोणती वाहिनी किती वेळ सुरू होती, एवढं मीटर सांगतं. समोर बसलेली बाई काय म्हणाली, हे ते सांगत नाही. वऱ्हाडातला शेतकरी तर आठवडा-आठवडा रात्रीच्या विजेवर ओलीत करायला जातो. मालिकांच्या ऐन वेळेला तो मोटारीजवळ असतो. त्याचं मत कोणत्या मीटरमध्ये येतं? टीव्ही सुरू असणं ही सवय आहे. सवयीला पसंती म्हणणं ही प्रेक्षकांची फसवणूक आहे.

आता कथांकडे या. ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून आली. ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली. ‘लक्ष्मी निवास’ कन्नडमधून नावासकट आली. दुसऱ्या भाषेतली चांगली गोष्ट मराठीत आणण्यात काही वाईट नाही. ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती अकोल्यातल्या कितीतरी बायकांना आपली वाटली, हेही खरं आहे. पण चेन्नई, कोलकाता आणि बंगळुरूहून कथा येतात, तर अकोल्याहून एकही का येत नाही? कोल्हापूरला ‘तुझ्यात जीव रंगला’ मिळाली, साताऱ्याला ‘लागिरं झालं जी’ मिळाली, सिंधुदुर्गाला ‘रात्रीस खेळ चाले’ मिळाली. त्या त्या मुलखाची बोली घराघरांत पोचली. आनंदच आहे. वऱ्हाडाची पाळी कधी?

वऱ्हाडी पडद्यावर ऐकू येते, हे मान्य. पण कोणाच्या तोंडून? घरकाम करणाऱ्या बाईच्या, बावळट शेजाऱ्याच्या, दोन घटका हसवून निघून जाणाऱ्या पाहुण्याच्या. अमरावती जिल्ह्याच्या भारत गणेशपुरेंनी ‘चला हवा येऊ द्या’मधून ही बोली महाराष्ट्रभर नेली. ती त्यांची कमाई आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पुढच्या लेखकांनी मात्र त्यातलं हसू तेवढं उचललं, माणूस तिथंच ठेवला. नायक डॉक्टर किंवा वकील झाला की त्याची भाषा लगेच पुण्या-मुंबईची होते. अमरावतीच्या न्यायालयात रोज वऱ्हाडी बोलणारे वकील उभे राहतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात वऱ्हाडी बोलणारे शास्त्रज्ञ काम करतात. ते पडद्यावर दिसत नाहीत, कारण या बोलीत बुद्धीचं बोलता येतं यावर लिहिणाऱ्यांचा विश्वास नाही.

एक अपवाद झाला आणि तो मोठा झाला. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका ऑगस्ट २०१६ मध्ये आली ती मार्च २०२१ पर्यंत राहिली. नागपूरची मुलगी, बोलणं विदर्भाचं, आणि ती नायिका. नवऱ्यानं फसवल्यावर तिनं मसाल्यांचा धंदा उभा केला आणि तोही याच बोलीत. राधिका साकारणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. त्यांच्या बोलण्यात नागपूर किती आणि वऱ्हाड किती, यावर इकडे घरोघरी खल व्हायचा. काळ्याचं ‘काया’ आणि डोळ्याचं ‘डोया’ नीट आलं की नाही, हे ऐकायला माणसं कान देऊन बसायची. चुका काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची. कथा पुढं फार ताणली गेली, तेही लोक बोलून दाखवायचे. पण विदर्भाची बोली बोलणारी नायिका साडेचार वर्षं मालिका पेलते, हे राधिकानं सिद्ध केलं. तरीही पुढच्या नायिका परत त्याच जुन्या भाषेत बोलू लागल्या.

ही बोली कमी कशात आहे? मराठीतला आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपुरात सिद्ध केला. रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं. आज तिथं मराठी भाषा विद्यापीठ आहे. ज्या मुलखात मराठी गद्य पहिल्यांदा ग्रंथात उतरलं, त्या मुलखाच्या बोलण्यावर मराठी वाहिनीनं फक्त हशा मिळवावा, याची चीड यायलाच हवी.

कथा नाहीत म्हणाल, तर वाचनालयात चला. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. तिच्यातली कौतिक शिंपी घरातली बाई. संसार तरावा म्हणून ती जिवाच्या आकांतानं झुंजते आणि वऱ्हाडीतच बोलते. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ याच बोलीत उभी केली. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये बुलडाण्याकडचा शिकलेला शेतकरी मुलगा आहे, आणि त्या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार आहे. दूरदर्शननं एकेकाळी चिं. वि. जोशींचा चिमणराव आणि ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या घराघरांत नेला होता. पुस्तकातून मालिका करण्याची वाट मराठीत जुनी आहे. आज ती कोणी चालत नाही.

पुस्तकं नकोत, तर आजचं वऱ्हाड बघा. सासू-सुनेची गोष्टच हवी ना? नवऱ्यानं आत्महत्या केल्यावर सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून सासरशी भांडणारी सून इथं गावोगावी आहे. त्याच घरात मुलाच्या दुःखानं खचलेली सासूही आहे. दोघीही आपापल्या जागी खऱ्या आहेत. कोणीही खलनायिका नाही आणि तरी ताण असा, की पापणी लवणार नाही. खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी आहे पण ते पिता येत नाही. तिथं लेक द्यायची की नाही, यावर घरात होणारं भांडण आहे. वरुड-मोर्शीकडं फळ झाडावर असतानाच बागेचा सौदा होतो. नंतर संत्र्याची गळ सुरू झाली की व्यापारी आणि बागायतदार समोरासमोर येतात. कापसाचा चुकारा अडला की ठरलेलं लग्न पुढं जातं. यातलं काहीही दुसऱ्या भाषेतून विकत आणावं लागत नाही.

म्हणून मागणं सरळ आहे. वऱ्हाडावर मालिका काढा आणि ती अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूरच्या रस्त्यांवर चित्रित करा. संवाद वऱ्हाडी माणसाकडून लिहून घ्या. अमरावती-अकोल्याच्या नाट्यगृहांत घडलेल्या नटांना मोलकरणीचं आणि गड्याचं नव्हे, नायिकेचं आणि नायकाचं काम द्या. कथेला शेवट ठरवूनच सुरुवात करा. कौतिकला शंभर भाग पुरतील, हजार भाग तिच्यावर अन्याय करतील.

आणि बघणाऱ्यांनो, तुमचं मत पक्कं आहे, पण ते घराबाहेर जात नाही. पटत नसेल त्या दिवशी टीव्ही बंद करा. वाहिनीला पत्र लिहा, आपल्या बोलीत लिहा, आणि त्यात स्पष्ट विचारा : आमची गोष्ट काहून नाही?