स्वस्त पाण्याचा खर्च

पुण्यात पाणी बंद असले की ते बहुधा गुरुवारीच असते. आदल्या दिवशी पेपरात निवेदन येते. पर्वती, वडगाव, लष्कर, वारजे अशा जलकेंद्रांची नावे, विद्युत व स्थापत्यविषयक दुरुस्तीचे कारण, मग बाधित होणाऱ्या पेठा, नगरे, सोसायट्या यांची लांबलचक यादी आणि शेवटी ते अजरामर वाक्य: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. इतके मन लावून वाचले जाणारे गद्य सध्या मराठीत दुसरे नसावे. आपल्या कॉलनीचे नाव यादीत नाही म्हणून हायसे वाटते. शेजारच्या कॉलनीचे आहे म्हटल्यावर जरा जास्तच वाटते.

बुधवारी संध्याकाळी घरोघर भरणे सुरू होते. पिंप, बादल्या, कळशी, आंघोळीचा टब, कुकरसुद्धा. खरी गंमत शुक्रवारी असते. नळाला पुन्हा पाणी आले की बुधवारी भरलेले सगळे 'शिळे' ठरते आणि मोरीत ओतले जाते. खडकवासल्याच्या धरणात ज्या पाण्याला महिनोन्महिने शिळेपणा येत नाही, त्याला आपल्या स्वयंपाकघरात दीड दिवसात येतो. एरवी टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून आतली पेस्ट वापरणारी आमची जमात पाण्याच्या बाबतीत एवढी उदार कशी, याचे कारण साधे आहे. ओतलेल्या पाण्याचे पैसे पडत नाहीत.

म्हणजे पडतात, पण वेगळ्या हिशेबाने. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मालमत्ता कराच्या बिलात येते आणि ती घराच्या वार्षिक करपात्र रकमेवर ठरते. तुम्ही पाणी किती वापरले याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. आमच्याच मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. भाजी धुतलेले पाणी कुंडीला आणि कुंडीतून गळलेले पुन्हा कुंडीला, असा त्यांचा शिस्तीचा कारभार. समोर तेवढ्याच खोल्यांत सात माणसे, दोन गाड्या आणि एक लॅब्राडोर. दोघांची पाणीपट्टी एकच. काकू दर वर्षी बिल हातात आले की म्हणतात, "त्यांच्या कुत्र्याची आंघोळ माझ्याच पैशांनी होते हो!" अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला बरेच अवघड नाव असेल. काकूंचे वाक्य पुरेसे आहे.

यावर उपाय म्हणजे मीटर. पण मीटर या यंत्राशी पुणेकराची पहिली ओळख रिक्षात झालेली. त्यामुळे मीटर म्हणजे मोजायचे नव्हे, आकडा पळवायचे यंत्र, असा आमचा पिढीजात समज. चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजना आली, तेव्हा तिच्यासाठी महापालिकेने 2017 च्या जूनमध्ये 200 कोटींचे कर्जरोखे काढले. ते मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवून दाखल झाले, व्याज 7.59 टक्के. पाण्याआधी पाण्याचे रोखे आले, आणि तेही पूर्ण दाबाने. त्या योजनेतले मीटर बसवायला मात्र ठिकठिकाणी विरोध झाला. मोजून घ्यायला विरोध करणारे आम्हीच, टीएमसीवर मात्र तज्ज्ञासारखे बोलतो. शहराच्या चार धरणांत मिळून 29 टीएमसी मावते, एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,830 कोटी लिटर, हे कट्ट्यावर कोणीही सांगेल. आपल्या घरात रोज किती लिटर लागते, हे विचारा, कट्टा शांत. शहरासाठी सरकारी मापदंड माणशी दिवसाला 135 लिटरचा आहे. तो आपल्याला पुरतो की आपण त्याच्या दुप्पट उडवतो, हे मोजल्याशिवाय कळणार कसे?

दिल्लीने याच्या उलट गंमत केली. 2015 मध्ये तिथे घराला महिन्याला 20,000 लिटर पाणी फुकट झाले, पण अट अशी की मीटर चालू हवा. आणि वापर 20,000 च्या वर गेला की बिल वरच्या पाण्याचे नाही, सगळ्याच पाण्याचे. फुकटासाठी का होईना, मीटरकडे लक्ष गेले. आपल्याकडे इतक्या लांब जायचीही गरज नाही. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापूरने चोवीस तास पाणी, प्रत्येक नळाला मीटर आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर हे सगळे केव्हाच करून दाखवले. आता मलकापूरकडून पुण्याने काही शिकायचे म्हणजे आम्हाला जरा अवघडच जाते.

"पाणी काय, वरून पडते, त्याचे कसले पैसे?" हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत एकजण विचारतोच. पडते ते वरूनच, पण धरणात. तिथून घेतले की जलसंपदा विभागाचे बिल येते. ठोक पाण्याचे दर ठरवायला 2005 च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरणच नेमले आहे. पुढे पंपांची वीज, तुरटी, क्लोरीन, जुनी फुटकी लाइन आणि मध्यरात्री ती खणणारी माणसे. हा खर्च थांबत नाही, दर मात्र थांबवता येतो. आयुक्त अंदाजपत्रकात वाढ सुचवतात, स्थायी समिती ती फेटाळते, सकाळी पेपरात 'नागरिकांना दिलासा'. निवडणूक जवळ आली की दिलासा हमखास.

या दिलाशाचे पुढे काय होते, ते आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दिसते. विषय क्रमांक चार, पाणीपट्टी वाढीची शक्यता. पाऊण तास चर्चा, दोन निवृत्त अधिकाऱ्यांची भाषणे, एका आजोबांना आणीबाणीची आठवण, शेवटी तीव्र निषेधाचा ठराव. विषय क्रमांक पाच, एप्रिल आणि मे महिन्याचे टँकरचे बिल. सेक्रेटरींनी आकडा वाचला. तो पाणीपट्टीच्या कितीतरी पट होता. कोणीतरी "मंजूर, मंजूर" म्हणाले आणि सगळे वड्यांकडे वळले. टँकरवाल्याविरुद्ध ठराव करायची सोय नाही, तो दुसऱ्या दिवशी येणार नाही ही भीती. महापालिका कुठे जाते?

खर्च टँकरवर थांबत नाही. पाणी ठराविक वेळीच येते म्हणून खाली टाकी, वर टाकी, मध्ये पंप आणि पंपाची वीज. रिकाम्या लाइनमध्ये दाब नसला की फटींतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते, म्हणून प्युरिफायर. प्युरिफायर वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला, म्हणून वीस लिटरचा जार. बाणेर-बालेवाडी, वाघोली, उंड्री इकडे तर घर घेतानाच टँकर गृहीत धरतात. ज्यांच्याकडे टाकी, पंप, जार यांतले काहीच नाही त्या वस्त्यांत बाया नळावर नंबर लावून बसतात आणि त्यांच्या बुडालेल्या रोजाचा आकडा कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही. स्वस्त पाणीपट्टीचा फायदा सगळ्यांत कमी त्यांना आणि सगळ्यांत जास्त लॅब्राडोरला.

तेव्हा यंदा मालमत्ता कराचे बिल आले की पाणीपट्टीचा आकडा एका कागदावर लिहा. त्याखाली टँकर, पंपाची वीज, टाकी धुणे, जार आणि प्युरिफायरचे सर्व्हिसिंग लिहा, आणि बेरीज करून तो कागद सोसायटीच्या पुढच्या सभेला घेऊन जा. मीटर बसवायला माणसे आली तर त्यांना गेटवर अडवू नका.