बीडचं परदेशी सत्र

परदेशात वर्षभर शिकून येण्याचं कौतुक पुण्या-मुंबईने करावं. बीड जिल्ह्यात ही सोय पहिलीपासूनच आहे. दसरा-दिवाळी उरकली की धारूर, वडवणीचे विद्यार्थी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कोल्हापूर, सांगली, नाहीतर थेट कर्नाटकात. व्हिसाची कटकट नाही, शिक्षण हमी कार्ड असलं की झालं. शिष्यवृत्ती आगाऊ मिळते. तिला उचल म्हणतात, ती ऊसतोडीचा मुकादम देतो आणि आई-बाप फेडतात. निवास पाचटाच्या कोपीत. प्रात्यक्षिकं पहाटेपासून फडातच: वाढे गोळा करणे, मोळी बांधू लागणे, धाकटीला कडेवर घेणे. अनुभवी विद्यार्थ्यांचा सल्ला एवढाच, की दप्तर नेऊ नका, ओझं होतं. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की सत्र समाप्त; तोवर इकडे वार्षिक परीक्षा आलेली असते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता लिहितात. विद्यार्थ्यांसाठी तिथे रकाना नाही.