शप्पथेतला जास्तीचा प

शपथ आणि शप्पथ हे दोन वेगळे शब्द आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. एका प ची शपथ राजभवनात घेतात. तिला शामियाना लागतो, राष्ट्रगीत लागतं आणि पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली नाही म्हणून रुसलेली चार माणसं लागतात. दोन प ची शप्पथ शाळेच्या मैदानावर नाहीतर चाळीच्या जिन्यात घेतात. तिला नुसता एक गळा पुरतो. तो दोन बोटांच्या चिमटीत धरून ‘गळ्याशप्पथ’ म्हटलं की विधी आटोपला. दोन्हींपैकी जास्त भरवशाची कुठली, हे ज्यांनी दोन्ही ऐकल्या आहेत त्यांना सांगायला नको.

आमच्या चाळीत शपथांची रीतसर उतरंड होती. कुणाची कैरी कुणी खाल्ली असल्या किरकोळ तक्रारींना साधी शप्पथ चालायची. कंपासपेटीतली वस्तू गेली तर पुस्तकावर हात ठेवून विद्येची शप्पथ. परीक्षेच्या दिवसांत तिचा भाव फार चढे. त्यावर देवाशप्पथ आणि सगळ्यांच्या वर आईशप्पथ. वडिलांची शपथ मात्र कुणी घेत नसे. त्यांच्या जिवाची आम्हाला काळजी होती. पण ही भानगड त्यांच्या कानावर जाईल, ही काळजी त्याहून मोठी होती.

आईशप्पथ खोटी निघाली तर आई मरते, यावर सगळ्यांचं एकमत होतं. त्यामुळे खोटी शपथ घेणारा मुलगा दिवसभर खेळात रमत नसे. संध्याकाळी जिना चढताना आई स्वयंपाकघरात भांडी आपटत असल्याचा आवाज आला, की त्याचा जीव त्यातल्याच एखाद्या भांड्यात पडे. शिवाय एक सोयही होती. दुसऱ्याने घातलेली शपथ गळ्याशी आली की त्याच्या मागे लागायचं, ‘सुटली म्हण, सुटली म्हण!’ तो ‘सुटली’ म्हणाला की आपण मोकळे. तो कधीकधी एक लिमलेटची गोळी घेतल्याशिवाय म्हणत नसे, हा भाग वेगळा. जामिनाची कल्पना मला कायद्याचं एकही पुस्तक न उघडता कळली ती अशी.

पुढे कळलं की आम्ही पोरं अगदी शास्त्राला धरून वागत होतो. शपथ आणि शाप ही सख्खी भावंडं आहेत. दोघांचा धातू एकच, शप्, म्हणजे शाप देणे. अथर्ववेदात तर शपथ या शब्दाचा अर्थच शाप असा आहे, आणि ती आपल्यावरून टळावी म्हणून एका वनस्पतीला आळवणारं सूक्तही आहे. शपथ घेणं म्हणजे स्वतःलाच शाप देऊन ठेवणं. तो लागू व्हायचा की नाही ते आपण बोललेल्या शब्दावर ठरणार. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठावर जादूटोण्याचा आळ येतो. तो म्हणतो, मी तसा असेन तर आजच मरू दे. आणि नसेन, तर मला तसं म्हणणाऱ्याचे दहा पुत्र जावोत. एवढा मोठा ऋषी, पण आळ आल्यावर त्यानेही गळ्यालाच हात घातला. वर फिर्यादीचाही हिशोब करून ठेवला.

या विषयावरची सर्वांत खुमासदार गोष्ट महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. दुष्काळ पडलेला, सप्तर्षी उपाशी. एका तळ्यातून त्यांनी कमळाचे देठ काढले, काठावर ठेवले आणि ते तर्पण करायला पाण्यात उतरले. परत येऊन बघतात तो देठ गायब! आता सप्तर्षी झाले तरी भूक ती भूक. सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. शेवटी प्रत्येकाने शपथ घ्यायची ठरलं. अत्री म्हणाले, ज्याने देठ चोरले असतील तो गाईला लाथ मारो, सूर्याकडे तोंड करून लघवी करो आणि सुटीच्या दिवशी अभ्यास करो. (ही तिसरी शिक्षा वाचून माझा अत्रींबद्दलचा आदर दुणावला.) अरुंधती म्हणाली, जिने चोरले असतील ती सासूची कायम निंदा करो, नवऱ्याशी वाकड्यात वागो आणि गोडधोड एकटीच खावो. ही शेवटची शिक्षा मी रात्री फ्रिजपाशी उभा राहून पुष्कळदा भोगली आहे.

त्यांच्यात शुनःसख नावाचा एक संन्यासी होता. त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, ज्याने देठ चोरले असतील तो वेद शिकलेल्या ब्राह्मणाला आपली मुलगी देवो. ऋषींनी तिथेच त्याला धरलं. अरे, हे तर सगळ्यांना हवंच असतं, ही कसली शपथ? चोर तूच! आणि चोर खरोखर तोच निघाला. इंद्र सोंग घेऊन आला होता. ज्या शपथेत शाप नाही ती घेणारा चोर समजावा, हा न्याय आपल्याकडे इतका जुना आहे.

पळवाटाही तितक्याच जुन्या. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात कुणी कशाची शपथ घ्यावी याची यादी आहे: ब्राह्मणाने सत्याची, क्षत्रियाने वाहनाची आणि शस्त्रांची, वैश्याने गाई, धान्य आणि सोन्याची. त्याच्या एकच श्लोक आधी मात्र अशी सूट दिली आहे की प्रेयसीपाशी, लग्नाच्या कामात, गाईच्या चाऱ्यासाठी, सरपणासाठी आणि ब्राह्मणाला वाचवण्यासाठी खोटी शपथ घेतली तर पाप लागत नाही. ‘मुलगा सुपारीच्या खांडालाही शिवत नाही हो’ असं छातीवर हात ठेवून सांगणारे मध्यस्थ कुणाच्या भरवशावर बोलत होते, ते मला हा श्लोक वाचल्यावर समजलं.

मराठीने शपथेचा घरगुती कारभार ‘आण’ या शब्दावर चालवला. ही आण म्हणजे झिजलेली आज्ञा, आणि आणाभाकांमधली भाक म्हणजे झिजलेली भाषा. ‘आईची आण’ आणखी झिजून ‘आईच्यान’ झाली. मराठीत शपथ घेता येते, वाहता येते, मोडता येते. पाळताही येते, पण त्या क्रियापदाला हल्ली फारसं काम नसतं. सर्वांत भारी क्रियापद ‘घालणे’. माझी आजी यात तरबेज होती. ‘माझी आण आहे तुला, आणखी एक लाडू घे.’ म्हणजे लाडू मी खायचा नाही, आणि शाप तिने भोगायचा! स्वतःचा जीव तारण ठेवून दुसऱ्याला खायला घालणारी ही व्यवस्था कुठल्या स्मृतिकाराला सुचली असेल असं वाटत नाही. तिच्यापुढे माझं कधीच काही चाललं नाही. माझ्या वजनात त्या आणेचा वाटा मोठा आहे.

मराठी राज्यात शपथेला बेलभंडार लागायचा. शंकराचा बेल आणि खंडोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडणं सोपं नसे. तेवढ्यावरही तंटा मिटला नाही तर दिव्य करावं लागे. वतनाच्या भांडणात रवादिव्य चाले: उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने बाहेर काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी उघडून बघायचा. फोड नसेल तर वतन तुमचं. आज दिव्य म्हटलं की आपल्याला लोकलमध्ये चढणं आठवतं, तेव्हा जरा बेतानेच बोललेलं बरं.

पुढे इंग्रज आले आणि त्यांनी १८४० च्या कायद्याने न्यायालयात गंगाजळ किंवा कुराण हाती देणं बंद केलं. हिंदी सिनेमाला ही बातमी पोचली नाही. तिथला साक्षीदार अजून गीतेवर हात ठेवतो. सध्या लागू आहे तो १९६९ चा शपथ अधिनियम. त्यातली एक तरतूद वाचून मला हसू आवरेना. साक्षीदार बारा वर्षांखालचा असेल, खरं बोललं पाहिजे हे त्याला कळत असेल, पण शपथ म्हणजे काय ते कळत नसल्याचं न्यायालयाला वाटलं, तर त्याला शपथ द्यायची गरज नाही. ज्यांनी हे लिहिलं ते कधी मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर फिरकले नसावेत. शपथ म्हणजे काय, हे बारा वर्षांपर्यंतच पक्कं ठाऊक असतं. खरी अडचण पुढे सुरू होते.

ती राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दिसते. मंत्री देवाला साक्ष ठेवून शपथ घेऊ शकतात किंवा देवाला तसदी न देता गांभीर्याने कथन करू शकतात. त्यांना शपथा दोन, एक पदाची आणि एक गोपनीयतेची. दुसरी ते मनापासून पाळतात. आत काय चाललं आहे ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ला तर मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांनी शपथ घेतल्यावरच महाराष्ट्राला ती घेतली जात असल्याचं कळलं. सकाळी आठच्या सुमाराला झालेल्या त्या समारंभाला आपण आजही ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणतो. शनिवार होता, आठ म्हणजे पहाटच. २६ नोव्हेंबरला राजीनामा आला आणि शपथ सुटली. ‘सुटली म्हण’ असं कुणी कुणाला म्हटलं, ते गोपनीयतेत गेलं.

यात दोष माणसांपेक्षा मसुद्याचा आहे. आपल्या सगळ्या सरकारी शपथांत मी काय काय करीन एवढंच लिहिलेलं असतं. न केल्यास माझं काय होवो, हे लिहायचं राहून गेलं आहे. शुनःसखाची होती तशीच ही शपथ. ती दुरुस्त करायला फार खर्च येणार नाही. मंत्र्याने म्हणावं, शपथ मोडली तर मी माझ्या मतदारसंघातल्या रस्त्यांवरून रोज रिक्षाने फिरीन. बिल्डरने म्हणावं, मीच बांधलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहीन, तेही पावसाळ्यात. आणि हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरीने म्हणावं, पुढच्या वर्षीही मीच सेक्रेटरी होईन. याहून घोर शाप महाभारतातही सापडणार नाही.

तोवर एवढंच करा. यापुढे कुणी ‘शपथेवर सांगतो’ म्हणालं की लगेच मान डोलावू नका. ‘आणि मोडली तर?’ असं विचारा. उत्तर आलं तर ती शपथ. नाही आलं तर ते भाषण.